गाडी उभी असताना

मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला भाग दुसऱ्यासाठी असतो आणि दुसरा स्वतःसाठी. पहिल्याला 'थर्ड पार्टी' म्हणतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा केला असून आपल्या गाडीने दुसऱ्याचे जे काही होईल त्याची भरपाई त्यातून होते. दुसरा भाग ऐच्छिक आहे. आपल्या गाडीचे दुसऱ्यामुळे, आपल्यामुळे किंवा कोणाचाही दोष नसताना जे काही होईल त्यासाठी तो असतो. कागदावर त्याचे नाव 'ओन डॅमेज' आणि बोलण्यात 'फुल इन्शुरन्स'. यातला 'फुल' हा शब्द इंग्रजीतला नेमका कोणता, हे देवनागरीत लिहिल्यावर कळत नाही. क्लेम नाकारला गेल्यावर कळते.

थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवते. २०२२ च्या जूनपासून लागू झालेल्या दरांप्रमाणे हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. हा दर गडचिरोलीत तोच आणि दादरला तोच. गाडी कोण चालवतो, कशी चालवतो, लाल दिव्याला थांबतो की देवळावरून जाताना करावा तसा नुसता नमस्कार करून पुढे जातो, याची चौकशी त्यात नाही. फक्त इंजिन केवढे आहे ते विचारतात. जणू अपघात इंजिन करते आणि माणूस आपला शेजारी बसलेला असतो.

विमा नसताना सापडल्यास पहिल्या वेळेचा दंड २,००० रुपये आहे. यावरून एका सोसायटीच्या कट्ट्यावर हिशेब मांडला गेला. "दंड दोन हजार, विमा दोन हजार चौऱ्याण्णव. म्हणजे न काढणं चौऱ्याण्णव रुपयांनी स्वस्त." हिशेब बिनचूक होता. दुसऱ्यांदा सापडल्यास दंड चार हजार होतो, तीन महिन्यांपर्यंत कैद तर पहिल्या वेळेलाही होऊ शकते आणि मधल्या काळात कोणाला धडक बसली तर भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागते, एवढी किरकोळ कलमे तेवढी हिशेबात घ्यायची राहिली होती. हिशेब मांडणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले होते.

स्थानिक परिस्थितीचा संबंध येतो तो दुसऱ्या भागात. २००२ च्या दरपत्रकाने मोटारींसाठी देशाचे दोन विभाग केले. 'अ' विभागात मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे. 'ब' विभागात उरलेला सगळा भारत. पाच वर्षांच्या आतल्या, हजार ते दीड हजार सीसीच्या मोटारीला 'अ' विभागात किमतीच्या ३.२८३ टक्के आणि 'ब' विभागात ३.१९१ टक्के असा दर होता. गाडी पाच लाखांची धरली तर पुण्यात १६,४१५ रुपये आणि साताऱ्यात १५,९५५. फरक ४६० रुपये. लक्ष्मी रोडची दिवाळी, स्वारगेटचा चौक, पाऊस पडल्यावरचा सिंहगड रोड आणि चारी बाजूंनी येणाऱ्या दुचाक्या, या सगळ्याचे शास्त्रशुद्ध मूल्यमापन होऊन वर्षाला ४६० रुपये निघाले. पुणेकरांना हा आकडा सांगितला तर ते अपमान समजतील. धोका एवढा स्वस्त?

शिवाय विभाग ठरतो तो गाडी कुठे फिरते यावरून नव्हे, कुठे नोंदली आहे यावरून. एमएच ११ म्हणजे सातारा पासिंगची गाडी बारा वर्षे कोथरूडमध्ये नांदते, रोज कर्वे रोडवर दोन्ही बाजूंनी घासून घेते, गावाला फक्त जत्रेपुरती जाते आणि कागदोपत्री मात्र साताऱ्याच्या निवांत हवेत राहते. उलट निवृत्तीनंतर साताऱ्याला स्थायिक झालेल्या एखाद्या आजोबांची एमएच १२ गाडी दर शनिवारी मारुतीपर्यंत जाऊन येते आणि बाकीचे सहा दिवस तिच्या टपावर मिरच्या वाळतात. ती कायम 'अ' विभागात.

२००७ च्या जानेवारीपासून हे दर खुले झाले. आता प्रत्येक कंपनी आपापला अनुभव पाहून शहर, मॉडेल आणि गाडीचे वय यांवरून हप्ता लावते. म्हणजे गावातल्या सर्वांच्या ओरखड्यांची बेरीज होऊन ती सर्वांवर थोडीथोडी वाटली जाते. एजंट आधी कागदावरचा मूळ दर दाखवतो, ग्राहकाचा चेहरा पडू देतो आणि मग साडीच्या दुकानात देतात तशी सूट देतो. सूट कशाबद्दल, हे दोघेही एकमेकांना विचारत नाहीत.

आता रस्ता. कोणत्या संकटांत भरपाई मिळेल याची पॉलिसीतली यादी वाचण्यासारखी असते. आग, स्फोट, वीज, भूकंप, महापूर, वादळ, गारपीट, दरड, दंगल, संप, अतिरेकी हल्ला यांच्याबरोबरच रेल्वेतून, बोटीतून, विमानातून किंवा लिफ्टमधून नेत असताना गाडीला झालेली इजा तीत स्पष्टपणे येते. लिफ्टमध्ये आपली गाडी कधी अडकेल या चिंतेने ज्यांना झोप येत नसेल त्यांची सोय झाली आहे. खड्ड्याचे नाव मात्र यादीत शोधून सापडत नाही. खड्ड्यात आदळून अचानक काही मोडले तर तो अपघात, त्याचे पैसे मिळतात. पण रोज थोडेथोडे आदळून सस्पेन्शन खिळखिळे झाले तर ती झीज, आणि झिजेचे पैसे मिळत नाहीत. टायरचा नियम तर आणखी नाजूक आहे. नुसता टायर फुटला तर काही नाही. टायरबरोबर गाडीचेही नुकसान झाले तर टायरच्या निम्मे पैसे. तेव्हा खड्ड्यात पडायचे तर नीट पडावे, अर्धवट पडण्यात तोटा आहे.

गतिरोधक हा खड्ड्याचा उलटा भाऊ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे त्याची उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी लागते. गल्लीतला गतिरोधक मात्र मानक वाचून जन्माला येत नाही. रविवारी कोणाचा तरी मुलगा सायकलवरून पडतो, सोमवारी बैठक होते आणि मंगळवारी सकाळी रस्त्यावर डांबराची एक वळकटी पडलेली असते. तिच्यावरून जाताना गाडी समुद्रावरच्या होडीसारखी पुढून वर जाते, मग मधोमध टेकते आणि खालून 'खर्र' असा आवाज येतो. हा आवाज इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा. यापुढचा अध्याय महत्त्वाचा आहे. चेंबर फुटल्याचे पैसे कंपनी देते. तेल गळत असतानाही "घर जवळच आहे, जाऊ हळूहळू" म्हणून गाडी चालवली आणि इंजिन जाम झाले, तर इंजिनाचे देत नाही. ते आपल्या कर्तृत्वाचे फळ मानले जाते.

पाण्याचेही तेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतल्या असंख्य मोटारी बुडाल्या. बुडालेली गाडी हा पुराचा बळी, तिला भरपाई आहे. पण पाणी ओसरल्यावर ती सुरू करण्याचा प्रयत्न केला तर पाणी इंजिनात खेचले जाते, आतले दांडे वाकतात आणि कंपनी म्हणते, हे पुराने नव्हे, चावीने केले. हा नियम आता बहुतेक गाडीवाल्यांना पाठ आहे. तरीही पावसाळ्यात कुठल्याही पार्किंगमध्ये गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या मालकाभोवती चार जण जमतात.

"चालू करू नका हं अजिबात."

"नाहीच करणार. माहितीये."

"हां. पण एकदा सेल्फ मारून बघायला काय हरकत आहे?"

या शेवटच्या वाक्यावर 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचे जादा हप्त्याचे कव्हर उभे आहे.

एवढे सगळे होऊनही बरेच लोक क्लेम करत नाहीत. याचे कारण नो क्लेम बोनस. एक वर्ष क्लेम केला नाही तर ओन डॅमेजच्या हप्त्यात वीस टक्के सूट मिळते, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पाच वर्षे कडक पाळल्यास पन्नास. एका क्लेमने पुण्याई संपते आणि माणूस पुन्हा शून्यावर येतो. हे सोळा सोमवारांसारखे आहे, पंधराव्या सोमवारी चुकून साबुदाणा वडा सोडून बटाटेवडा खाल्ला की पहिल्यापासून. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पंधरा वर्षांची गाडी विकताना ज्यांचा कंठ दाटून येतो असे गृहस्थही बोनसचे पत्र न विसरता काढून घेतात आणि नव्या गाडीला लावतात.

या बोनसमुळे रस्त्यावर एक समांतर न्यायव्यवस्था चालते. मागून रिक्षाने टेकवली की दोन्ही पक्ष उतरतात.

"दिसत नाही का?"

"तुम्ही एकदम थांबलात ना!"

"सिग्नल लाल होता."

"हो, पण पोलीस कुठं होता?"

या युक्तिवादावर जमलेल्या ज्युरीत क्षणभर शांतता पसरते, कारण तो निम्म्या ज्युरीला पटलेला असतो. मग हेल्मेट हँडलला अडकवलेला एक मध्यस्थ पुढे येऊन पाचशेवर मिटवतो. रिक्षावाल्याकडे तीनशेच निघतात. ते घेऊन मालक गॅरेजला जातो आणि बंपरचे पाच हजार ऐकून एजंटला फोन करतो.

"काका, क्लेम करायचाय का बोनस ठेवायचाय?"

"दोन्ही नाही का होत?"

"होतं ना. त्याचं वेगळं कव्हर आहे. पुढच्या वर्षी घ्या."

एजंटचा हिशेब असा. बंपर प्लास्टिकचा, प्लास्टिकला निम्मी घट, राहिले अडीच हजार. त्यातून प्रत्येक क्लेमला सक्तीने कापायचे एक हजार वजा, हातात दीड हजार. आणि बारा हजारांच्या हप्त्यावरची पन्नास टक्के सूट गेली, म्हणजे पुढच्या वर्षी सहा हजार जादा. दीड हजारांसाठी सहा हजार घालवणारा माणूस मराठी मध्यमवर्गात जन्माला यायचा आहे. बंपर तारेने बांधला जातो. तार गंजली की दुसरी तार. प्रस्तुत लेखकाच्या गाडीचा बंपर गेली तीन वर्षे अशा तारेवर आहे आणि स्पीडब्रेकरवर तो जो आवाज करतो त्यावरून घरच्यांना साहेब आल्याचे कळते.

काटकसरी लोक यातून दुसरी वाट काढतात. ते नुकसान साठवतात. सोसायटीच्या खांबाचा ओरखडा, फलटणजवळ उसाच्या ट्रॉलीने दिलेला पोचा, मंगल कार्यालयाच्या फाटकाची आठवण, असे सात-आठ ऐवज जमले की मग एकच भरगच्च क्लेम. गॅरेजचा माणूस फॉर्म भरून घेतो. 'अपघाताचे थोडक्यात वर्णन' यासाठी तीन ओळी असतात आणि तो विचारतो, "काय लिहू? उभी होती का कुत्रा?"

क्लेम फॉर्मच्या वाङ्मयात हे दोनच प्रकार प्रतिष्ठा पावले आहेत. 'गाडी उभी असताना अज्ञात वाहनाने धडक दिली' हा पहिला आणि 'कुत्रा आडवा आल्याने' हा दुसरा. या कागदांवर विश्वास ठेवायचा तर महाराष्ट्रात चालती गाडी कशालाही धडकत नाही. सगळे अपघात उभ्या गाड्यांना होतात आणि जे चालत्या गाड्यांना होतात त्यांना कुत्रे जबाबदार असते. उलट्या बाजूने येताना, फोनवर बोलताना, 'यू टर्न नाही' या पाटीखाली वळताना कोणाला काही झाल्याचे लिहिलेले आढळत नाही. कुत्र्याची बाजू कोणी ऐकून घेतलेली नाही.

सर्व्हेअर येतो, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो, डाव्या दारावरच्या पोच्यात नख घालून गंज उकरतो.

"हे सगळं एकाच वेळी झालं?"

"हो."

"एकाच कुत्र्यामुळे?"

इथे प्रस्तुत लेखकाचा क्लेम संपला. प्रत्येक घटना वेगळी धरावी लागते, प्रत्येकीचे एक हजार वेगळे कापले जातात, आणि गंज चढलेल्या घटना धरल्याच जात नाहीत.

वाहतुकीचे नियम मोडण्याचा विम्याशी थेट संबंध एकाच ठिकाणी येतो. चालकाने दारू प्यायली असेल किंवा त्याच्याकडे वैध लायसन नसेल, तर स्वतःच्या गाडीचा क्लेम कंपनी नाकारते. बाकी सिग्नल तोडणे, वेग, नो एंट्री, झेब्रा पट्ट्यांवर तंबू ठोकणे, याने पुढच्या वर्षीचा हप्ता एक रुपयानेही हलत नाही. दंडाचे कोष्टक २०१९ च्या दुरुस्तीने वाढले आणि महाराष्ट्राने ते २०२१ च्या डिसेंबरात लागू केले, पण दंड एका खात्यात आणि हप्ता दुसऱ्या खात्यात. ई-चलनाचा मेसेज आला की सुजाण नागरिक तो वाचतो, फोटोत आपली गाडी छान आली आहे का ते पाहतो आणि लोक अदालतीची तारीख कधी आहे याची चौकशी सुरू करतो. वर्षभर पावत्या जमवून एकदम तडजोड करण्यात ओरखडे साठवण्याचाच गृहकृत्यदक्षपणा आहे. अशा रीतीने वर्षात चौदा वेळा सिग्नल तोडून कोणालाही न धडकलेला माणूस पन्नास टक्के बोनस मिळवतो. सिग्नलला थांबल्यामुळे ज्याला मागून बसली, तो क्लेम करून शून्यावर येतो.

हे दोन हिशेब जोडावेत अशी शिफारस विमा नियामकाच्या एका कार्यगटाने २०२१ च्या जानेवारीत केली होती. हप्त्यात आणखी एक भाग घालायचा, त्याचे नाव 'वाहतूक नियमभंग हप्ता', आणि प्रत्येक गुन्ह्याला गुण. दारू पिऊन गाडी चालवल्यास १००, चुकीच्या जागी गाडी लावल्यास १०. प्रयोग दिल्लीपासून सुरू करायचा होता. ही शिफारस शिफारसच राहिली, आणि त्यात एक सांस्कृतिक अडचणही होती. मराठी घरात शंभरपैकी शंभर गुण मिळाले की पेढे वाटतात.

कॅलिफोर्नियात हा जोड बसलेला आहे. तिथल्या मतदारांनी १९८८ साली 'प्रपोझिशन १०३' मंजूर केले. त्यानुसार हप्ता ठरवताना सर्वांत आधी चालकाची वर्तणूक, मग वर्षाला किती मैल गाडी चालते आणि मग किती वर्षांचा अनुभव आहे, हे पाहावे लागते. तीन वर्षांत एकापेक्षा जास्त पॉइंट लागले की 'गुड ड्रायव्हर' म्हणून मिळणारी किमान वीस टक्के सूट जाते. त्यामुळे फ्रीमाँटला राहणारा पुण्याचा पुतण्या एका तिकिटानंतर चाळिसाव्या वर्षी ट्रॅफिक स्कूलची ऑनलाइन परीक्षा देऊन बसला, कारण तेवढे केले की तो पॉइंट विमा कंपनीला दिसत नाही. हा पुतण्या डिसेंबरात पुण्याला आला आणि काकांची गाडी चालवू लागला. कर्वेनगरच्या एका रिकाम्या चौकात त्याने गाडी पूर्ण थांबवली आणि मनात तीन आकडे मोजले. मागे सात हॉर्न वाजले.

"बंद पडली का रे?" काका.

"नाही काका, थांबलोय."

"कोणासाठी?"

त्याला उत्तर देता आले नाही. पुढच्या चौकापासून काकांनी गाडी स्वतःकडे घेतली.

भारतातही २०२२ च्या जुलैपासून 'जशी चालवाल तसे भरा' अशी जादा कव्हर कंपन्यांना विकता येतात. गाडीत बसवलेले यंत्र किंवा मोबाइलमधले ॲप वेग, वळणे आणि ब्रेक मोजते. कचकन ब्रेक मारणे हे वाईट चालकाचे लक्षण मानतात. त्यामुळे पुण्यात आडव्या येणाऱ्या दुचाकीसाठी, हंडा घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बाईंसाठी आणि (या खेपेस खऱ्या) कुत्र्यासाठी प्रत्येक वेळी ब्रेक मारून सर्वांचे प्राण वाचवणाऱ्या माणसाचा निकाल काय लागत असेल, ते सांगायला नको.

राहता राहिले नूतनीकरण. जुनी पॉलिसी शेवटच्या दिवशी मध्यरात्री संपते. त्यानंतर नव्वद दिवसांत नवी घेतली नाही तर बोनस बुडतो, आणि एक दिवस जरी खंड पडला तरी गाडीची नव्याने तपासणी होते. तारेने बांधलेला बंपर असलेल्यांनी ती टाळावी. एजंट महिनाभर आधीपासून आठवण करतो. ग्राहक "करतो, करतो" म्हणतो.

प्रस्तुत लेखकाने हे काम शेवटच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला केले. डेक्कनच्या अलीकडे सिग्नल लाल, पुढे नव्वद सेकंद. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, फोन हातात. लिंक उघडली, कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी आला. चार आकडे टाकून झाले आणि दिवा हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजू लागले. उरलेले दोन आकडे हॉर्नच्या तालावर पडले आणि पैसे गेले. फुटपाथवरच्या झाडाखाली उभ्या असलेल्या मामांच्या हातातही फोन होता, हे तेव्हा नीट लक्षात आले नाही.

रात्री दोन मेसेज एकाखाली एक आले. वरच्यात नवी पॉलिसी, चालकाच्या निष्कलंक कारकिर्दीबद्दल अभिनंदन, बोनस ५० टक्के कायम. खालच्यात ई-चलन, वाहन चालवताना मोबाइलचा वापर, सोबत फोटो. फोटोत बंपरची तार स्वच्छ दिसत होती. खरे म्हणजे त्या वेळी गाडी उभी होती.